पाणी अंदाजे

गुरुवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी स्वयंपाकघराचं छत हिरवं झालं. पूर्ण नाही; दिव्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत, साधारण एका पलंगपोसाएवढं. तसं काही झालं नाही. त्या वेळी घरात जे दोघे होते त्यांनी नंतर हे झालंच नाही असं ठरवलं, आणि दोघांच्या एकमतापुढे छताचं कोण ऐकतो? तेव्हा छत पांढरं आहे, वार सोमवार आहे, आणि फ्रीजसमोर अनवाणी उभा राहून सेहेचाळीस वर्षांचा एक माणूस एक चिठ्ठी चौथ्यांदा वाचतो आहे.

चिठ्ठी बायकोची होती. ती तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे गेली होती. बहिणीचा पाय मोडला होता. जाताना तिने फ्रीजवर चुंबकाखाली कागद अडकवला होता : ‘आप्पांचं हिरवं. पालक दोन मुठी. केळं एक. सफरचंद अर्धं. आल्याचा तुकडा. पाणी अंदाजे. झाकण हाताने दाबून धरा.’ बस. खाली तारीख नाही, सही नाही, कुणाची मूठ त्याचा उल्लेख नाही. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बावीस वर्षं तो दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासत, वजनं तपासत, बरोबर असलेल्यांना शिशाचं सील ठोकत आणि चुकीच्यांना पावती फाडून जप्त करत आला होता. खात्यात त्याला मिलिग्रॅम म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर एखाद्या वेळी फोन उचलल्यावर तोच ‘हां, मिलिग्रॅम बोलतोय’ म्हणून जायचा. त्याच्या कपाटात मखमलीच्या खाचांत बसवलेली प्रमाण वजनं होती, पितळी, एका ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत, आणि ती उचलायला एक हस्तिदंती टोकांचा चिमटा. बोटाने उचलायची नाहीत, कारण बोटाला घाम असतो आणि घामाला वजन असतं. अशा माणसाला ‘अंदाजे’ हा शब्द बायकोच्या अक्षरात, स्वतःच्या फ्रीजवर, चुंबकाखाली वाचावा लागावा, याला काय म्हणायचं?

पण चिडायची सोय नव्हती. हिरवं आप्पांसाठी होतं. आप्पा म्हणजे त्याचे वडील, एक्क्याऐंशी वर्षांचे, पेशाने शिंपी, दुकान केव्हाच बंद केलेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला. ते इस्पितळातून घरी आले, भूक मात्र तिथेच कुठल्या तरी पलंगाखाली राहून गेली. घास घशाखाली उतरेना. मग बायकोने कुठेतरी वाचून हे हिरवं सुरू केलं, पालक आणि फळं मिक्सरमधून काढून, आणि कसं कोण जाणे, ते मात्र आप्पा रोज ग्लासभर घटाघटा प्यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “तेवढं चालू ठेवा. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर मात्र मला यांना दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.” त्यावर आप्पा म्हणाले होते, “नाकातून जेवायला मी काय हत्ती आहे?” डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या, पण हसता हसता त्यांनी कागदावर ‘नळी’ लिहिलं ते काही खोडलं नाही. मिलिग्रॅम माणसांच्या चेहऱ्यापेक्षा ते काय लिहितात इकडे बघणारा. पुढची तपासणी शुक्रवारी होती. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी आप्पांचं वजन भरलं होतं पंचेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे नळी आणि वडील यांच्यामध्ये फक्त सहाशे ग्रॅम होते, आणि एक ग्लास, आणि ती मूठ.

त्याने आधी आप्पांना पुढच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली, हातात वर्तमानपत्र दिलं. आप्पा म्हणाले, “अरे, मी आत येतो की.” तो म्हणाला, “तुम्ही हलायचं नाही. आत फरशी गार आहे.” मग तो आत गेला, हात पुसून कोरडे केले, आणि स्वतःच्या मुठीतल्या पालकाचं वजन केलं. पहिली मूठ एकतीस ग्रॅम. दुसरी सत्तेचाळीस. तिसऱ्या वेळी त्याने मूठ भरताना डोळे मिटून घेतले, म्हणजे पक्षपात होणार नाही, आणि काटा म्हणाला एकोणचाळीस. एकच हात, एकच माणूस, तीन मिनिटांत तीन साक्षी. ओल्या पानाचं वजन वेगळं, देठाचं वेगळं, आणि तळव्याला चिकटून राहणाऱ्या पानाचं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने सरासरी काढली. केळं सोलण्याआधी आणि सोलल्यावर मोजलं. सफरचंदाचं अर्धं म्हणजे बियांसकट की बियांवेगळं यावर उभ्याउभ्या विचार केला आणि बिया काढून दोन्ही बाजूंना समसमान वाटल्या, मग फेकून दिल्या. मिक्सर फिरला. ग्लास घेऊन तो बाहेर गेला तेव्हा त्याला परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखं वाटत होतं.

आप्पांनी ग्लास उजेडात धरला, बाही उलटी करून शिवण बघावी तसा. एक घोट घेतला. तोंडात फिरवला. “मापात आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“अंगात बसत नाही.” आणि ग्लास बाजूच्या स्टुलावर ठेवून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

त्या दिवशी दुपारभर, एका धान्याच्या दुकानात पोत्यांमध्ये उभा राहून वीस किलोच्या काट्यावर वजनं चढवताना, मिलिग्रॅमच्या कानात तेच दोन शब्द होते, ‘मापात आहे’. बाकी कुणी म्हटलं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण आप्पांच्या तोंडी माप हा शब्द आला की त्याला आपल्या शर्टाची कॉलर एकदम घट्ट झाल्यासारखी वाटायची, आणि शर्ट आप्पांनीच शिवलेला असल्यामुळे ती घट्ट असणं शक्यच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून अकरा दिवस झाले असताना, साहेबांनी त्याला पहिल्यांदा एकट्याला फेरीवर धाडलं होतं आणि रस्ता नेमून दिला होता. त्या रस्त्यावर सातवं दुकान आप्पांचं होतं. आप्पा शिवायचे आणि जोडीला अस्तराचं कापड मीटरवर विकायचेही, म्हणजे त्यांचा टेप कायद्याच्या कक्षेत येत होता. तो दुकानासमोरून तीनदा गेला. चौथ्यांदा आत शिरला आणि म्हणाला, “मी खात्यातर्फे आलोय.” आप्पांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि गळ्यातला टेप काढून दिला. तो कापडी टेप तीस वर्षं त्यांच्या गळ्यात होता. घामाने, ओढण्याने, गिऱ्हाइकांच्या पोटांभोवती फिरून फिरून तो ढिला झालेला. पोलादी पट्टीवर धरला तर मीटरमागे सात मिलिमीटर जास्त निघाला. त्याने दोनदा मोजलं. मग खिशातून कोरं पावतीपुस्तक काढलं आणि त्यातली पहिली पावती स्वतःच्या वडिलांच्या नावाने फाडली : कापडी मोजपट्टी, एक, जप्त. आप्पांनी पावती घडी करून खिशात घातली. म्हणाले, “चहा घेणार का, साहेब?” त्या ‘साहेब’ने त्याची जी पाठ वाकली ती अजून सरळ व्हायची होती. त्यानंतर आप्पांनी कधी दुसरा टेप घेतलाच नाही. उरलेली सगळी वर्षं ते नजरेने आणि वितीने मापं घेत राहिले, आणि मिलिग्रॅम दर वाढदिवसाला त्यांनी शिवलेला शर्ट अंगात घालत राहिला. एकही शर्ट कधी कुठे ओढला नाही, कुठे लोंबला नाही. ही शिक्षाच होती, दुसरं काय? माणसाने आपल्या मुलाला किती वर्षं इतके बरोबर शर्ट घालायला लावावेत?

मंगळवारी त्याने मुळापासून सुरुवात करायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने त्याला लांबून पाहिलं आणि सवयीने तराजू टोपलीमागे सरकवला. “आज मी घरचा माणूस म्हणून आलोय, मावशी,” तो म्हणाला. “पालक द्या. पाव किलो.”

“पालक जुडीवर असतो.”

“जुडी हे माप नाही.”

“मग नका घेऊ. मोजून मापून खाणारा माणूस मला काही लाभत नाही.” तरी तिने एक जुडी त्याच्या पिशवीत टाकली, आणि जरा थांबून दुसरीतली चार पानं तोडून वर घातली. “म्हाताऱ्यांना बरं आहे का?” तिने विचारलं. ती चार पानं कशाची, हे तिला विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्या दिवशीचं हिरवं त्याने मावशींच्या पानांसकट केलं, आप्पा म्हणाले, “आज बाही लांब झाली,” आणि ग्लास पुन्हा स्टुलावर गेला. ऑफिसला जाता जाता त्याने बायकोला फोन लावला.

“मूठ म्हणजे किती?”

“अहो, मूठ म्हणजे मूठ.”

“तुझी ना? मग तुझी मोज. तुझ्या बहिणीकडे स्वयंपाकघरात काटा असेल.”

पलीकडे बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. बहीण काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. “अडतीस,” बायको म्हणाली. “थांबा. एक्कावन्न. आता चव्वेचाळीस. झालं समाधान?”

“तेरा ग्रॅमचा फरक! असा एखादा दुकानदार असता ना—”

“असा दुकानदार असता तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “पीत नाहीयेत का?”

“पितात की. थोडंथोडं.”

“खोटं बोलताना तुम्ही ‘की’ लावता. अहो, एवढा घोळ कशाला घालता? आप्पांनाच विचारा ना. ते असतातच की तिथे.”

ज्याच्यासाठी माप घ्यायचं त्यालाच माप विचारायचं, ही पद्धत त्याला कुठल्याच नियमात बसवता येईना. गिऱ्हाइकाला विचारून तराजू तपासला तर खातं बंदच करावं लागेल. त्याने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर बायकोवर रागावून राहिला, कारण ते सोपं होतं.

बुधवारी दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे खिडकीतल्या कुंडीतल्या मनीप्लांटला तीन नवी पानं फुटली होती, आणि माती हाताला बुळबुळीत लागत होती. आपण आप्पांना नाही, मनीप्लांटला पोसतो आहोत, आणि मनीप्लांटला मात्र ते अंगात बसतंय, हे कळल्यावर त्याला वाईट वाटायच्या आधी, कबूल करायला हरकत नाही, किंचित अभिमान वाटला. दुसरी गोष्ट म्हणजे आप्पांचं वजन. काट्यावर आकडा आला पंचेचाळीस किलो शंभर. काटा त्याचाच, त्यानेच तपासलेला. अशा घरगुती काट्याची चूक अर्धा किलो इकडे-तिकडे चालते, कायद्याने चालते, तेवढी चूक पोटात घालायचा काट्याला अधिकारच आहे. म्हणजे आप्पा पंचेचाळीस सहाशेही असू शकत होते आणि चव्वेचाळीस सहाशेही. आयुष्यात पहिल्यांदा तो काट्यासमोर उकिडवा बसून काटा चुकीचा असू दे अशी मनातल्या मनात विनवणी करत होता. आप्पा काट्यावरून खाली उतरले. त्यांच्या पायजम्याची नाडी दोन फेरे जास्त घेऊन बांधलेली होती. पूर्वी या माणसाच्या मांडीवर तो झोपायचा तेव्हा शिलाई मशीनच्या पायट्याने ती मांडी हलायची आणि त्याला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच थरथरतात, आतून कुठेतरी मोटर असते. “किती?” आप्पांनी विचारलं. “ठीक आहे की,” तो म्हणाला.

आणि गुरुवार उजाडला. आप्पांना थंड पाण्याने खोकला येत होता म्हणून त्याने त्या दिवशी पाणी चांगलं कढत घेतलं, एकशे ऐंशी मिलिलिटर, मोजपात्रात डोळ्याच्या रेषेत धरून. पालक आदल्या दिवशीच्या सगळ्या मुठींच्या सरासरीने, मुठीमागे चाळीस ग्रॅम पाचशे मिलिग्रॅम. शेवटचं पान त्याने हस्तिदंती टोकांच्या चिमट्याने ठेवलं. मिक्सरचं झाकण ढिलं होतं. चिठ्ठीत ते हाताने दाबून धरा असं म्हटलं होतं, पण किती जोराने ते म्हटलं नव्हतं, आणि हाताचा भरवसा त्याला चार दिवसांत उरला नव्हता. त्याने पिशवीतून तार काढली, झाकणाच्या कानातून आणि भांड्याच्या कडीतून ओवली, शिशाची गोळी घातली आणि पक्कडीने दाबून रीतसर सील ठोकलं. शिशावर खात्याची मुद्रा उमटली. मिक्सर सुरू झाल्यावर पाचव्या सेकंदाला भांड्याचा सूर बदलला. कढत पाण्याची वाफ आत कोंडली, झाकण मधोमध फुगून वर आलं, एखादा माणूस काहीतरी बोलायचं खूप वेळ दाबून ठेवतो तसं. त्याचा हात तारेकडे गेला आणि तिथेच थांबला. खात्याचं सील विनापरवाना तोडणं हा गुन्हा आहे. परवाना देणारा अधिकारी तोच होता, पण अर्ज करायला वेळ नव्हता. झाकणाच्या मधलं बूच सुटलं.

मग जे झालं नाही ते झालं.

आवाज ऐकून आप्पा भिंतीला धरत धरत दारात आले. छतावरून एक थेंब सावकाश लांबला आणि मिलिग्रॅमच्या चष्म्यावर पडला. आप्पांनी छत पाहिलं, मुलगा पाहिला, भांड्यावर लोंबकळणारं शिसं पाहिलं. “जप्त केलंस?” त्यांनी विचारलं.

मिलिग्रॅमला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याचे डोळे भरून आले, आणि चष्म्यावर आधीच हिरवं असल्यामुळे सगळं स्वयंपाकघर तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं दिसू लागलं. “उद्या शुक्रवार आहे, आप्पा,” तो म्हणाला. “उद्या त्या वजन करतील. तुम्ही पीत का नाही? मी सगळं चिठ्ठीप्रमाणे करतोय. मी चार दिवस—”

“सर बाजूला.” आप्पांनी बाही वर सारली, आणि त्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट इतकं बारीक होतं की त्याने नजर वळवली. “भांडं धू. त्यातली तार काढ आधी. आणि ते पाणी गार होऊ दे, चटका बसतो. सूनबाई करते तेव्हा पालक कोण टाकतं असं वाटतं तुला?”

“ती.”

“ती केळं सोलते. पालक मी टाकतो. रोज इथे स्टूल टाकून बसतो मी. ती बडबड करते, मी पानं निवडतो. कुजकं देठ बाजूला, कोवळं आत. तू मला तिकडे खुर्चीत नेऊन कपड्यासारखा वाळत घातलास.” त्यांनी पालकाच्या ढिगात हात घातला. एक मूठ. दुसरी. थोडं थांबून आणखी दोन पानं, मग त्यातलं एक परत बाहेर. मिलिग्रॅमचा हात आपोआप काट्याकडे सरकला आणि त्याने तो स्वतःच्या खिशात घालून ठेवला.

“किती टाकलंत?”

“पुरेसं.”

तो झाकणावर तळवा दाबून उभा राहिला. तळव्याखाली ते गुरगुरत होतं, थरथरत होतं, आणि ती थरथर कुठे तरी ओळखीची होती म्हणून त्याने दाब जरा कमी केला, मग घाबरून पुन्हा वाढवला. किती दाबायचं ते हाताला आपोआप कळत होतं. हे त्याला फारसं आवडलं नाही. मिक्सरचा आवाज चालू असतानाच, म्हणजे ऐकू गेलं नाही तरी चालेल अशा बेताने, तो म्हणाला, “तो टेप सात मिलिमीटर लांब होता, आप्पा.”

“नऊ,” आप्पा म्हणाले. “तू ओढून नाही धरलास. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी तेवढं धरून कापायचो.”

त्याने मिक्सर बंद केला. “मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“कोऱ्या पुस्तकातली पहिली पावती होती तुझी. सही करताना जीभ बाहेर काढली होतीस, लहानपणी काढायचास तशी. मी मध्ये बोललो असतो तर बिघडली असती.”

“आणि नंतर टेप घेतला नाहीत. बावीस वर्षं.”

“अरे, टेप लावला की गिऱ्हाईक पोट आत घेतं. आणि शर्ट तर बाहेरच्या पोटाला शिवायचा असतो. टेप नसला की माणसं सरळ उभी राहतात. तू टेप नेलास आणि माझा धंदा सुधारला.” त्यांनी ग्लास हातात घेतला. “तू काय समजत होतास?”

बावीस वर्षं काय समजत होतो ते एका वाक्यात कसं सांगायचं, आणि सांगितलं तर कुठल्या एककात? आप्पा स्टुलावर बसून प्यायले. उजेडात धरून बघितलं नाही, तोंडात फिरवलं नाही. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, वर गेली. त्याने घोट मोजले नाहीत. आठापर्यंत मोजले आणि मग सोडून दिले. ग्लासाच्या तळाशी फेस उरला तो आप्पांनी बोटाने पुसून घेतला. “उद्या त्या बाईंकडे जायच्या आधी परत करू,” ते म्हणाले. “केळं दीड घाल. आणि हे वर काय झालंय ते?”

“कुठे काय?”

आप्पांनी वर पाहिलं. “काही नाही,” ते म्हणाले.

आठ वाजून गेले होते. आप्पांना काट्यावर उभं करावं असं त्याच्या मनात आलं, काटा तिथेच कोपऱ्यात होता, आणि त्याने तो पायाने कपाटाखाली ढकलला. ऑफिसला पोचायला उशीर होणार होता आणि उशिराचा खुलासा छापील अर्जावर द्यावा लागतो. तो ओट्यापाशी उभा राहिला, पिशवीतून कोरा अर्ज काढला. आप्पा स्टुलावरच बसून उद्यासाठी पानं निवडत होते आणि एका कुजक्या देठाला शिव्या घालत होते. त्याने पेन उघडलं. जीभ बाहेर आली ती त्याच्या लक्षात आली नाही.

‘प्रति, मा. नियंत्रक, वजने व मापे. विषय : आजच्या सकाळची मुदत वाढवून मिळण्याबाबत. महोदय, अर्जदाराच्या राहत्या घरी आज रोजी सकाळी पडताळणी केली असता कोणतीही वस्तू मापात आढळली नाही. तथापि सर्व काही ठीक आढळले. प्रचलित नियमांनुसार तराजूस एक वर्ष व वजनांस दोन वर्षे मुदत देण्यात येते. वडिलांस किती देण्यात येते, याबाबतचे परिपत्रक कार्यालयात शोधूनही मिळाले नाही. सबब विनंती की, सदर सकाळ पुढील आदेश होईपर्यंत आहे तशीच चालू ठेवावी, तीत उद्याचा शुक्रवार येऊ देऊ नये, आणि मुदत संपत आल्यास अर्जदारास नूतनीकरणाची संधी पूर्वसूचनेसह देण्यात यावी. कळावे. आपला विश्वासू.’